एकोणतिसाव्या पानावरची रेघ

रेघ होती. पान एकोणतीस, तळाशी, आकड्याच्या खाली – पेन्सिलीची, आडवी, दाबून ओढलेली. तिच्याखेरीज पुस्तकात काय काय होतं ते टॅम्सिनने आदल्या संध्याकाळीच मोजून ठेवलं होतं : दुमडलेले कोपरे तीन, चहाचा गोल डाग एक, दोनशे अकराव्या पानावर, पांढरा केस एक, म्हणजे तो कुणाचाही असू शकतो, आणि वाचनालयाच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पुस्तक धाडताना आत घालतात ती चिठ्ठी, एक. पानं एकूण चारशे अठरा. मोजायचं राहिलं होतं ते एवढंच, की आकड्याच्या बुडापासून ती रेघ किती खाली आहे. त्यासाठी लागणारी स्टीलची पट्टी टेबलावर, हाताच्या अंतरावर, सबंध संध्याकाळ पडून होती, आणि आता सकाळीही तिथेच होती.

“चार मिलिमीटर,” बाबा दारातून आत येत म्हणाले.

टॅम्सिनच्या हातातला चमचा वाडग्यावर आपटला.

“पाऊस,” बाबा म्हणाले. कुंपणाच्या खांबाला लावलेलं पर्जन्यमापक ते रोज सकाळी वाचत आणि वहीत लिहीत. पंचवीस वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. “तुला काय झालं?”

“काही नाही. चार नक्की?”

“नक्की. का, कमी हवा होता?”

तिने पुस्तक पालथं घातलं. बाबांनी – लिंडसे त्यांचं नाव, नगरपालिकेच्या रस्त्यांवर खडी सपाट करायचं यंत्र चालवायचे – टोस्टला लोणी लावता लावता मान वाकडी करून मुखपृष्ठ पाहायचा प्रयत्न केला.

“कितवा भाग हा?”

“सातवा.”

“अजून लग्न नाही झालं त्या दोघांचं?”

“दोनदा झालं, बाबा. एकमेकांशी नाही, इतकंच.”

बाबा हसले. मग म्हणाले, “तुझी आई म्हणायची –” आणि टोस्ट तोंडात घातला, आणि आई काय म्हणायची ते टोस्टबरोबर गिळून टाकलं. गेले चौदा महिने या घरात ‘तुझी आई म्हणायची’च्या पुढे वाक्य गेलेलं नव्हतं. दाखवावं का त्यांना? एकोणतिसावं पान उघडून त्यांच्यासमोर धरावं... पण मग ते काही बोलणार नाहीत, उठतील, बाहेर जाऊन गाडी धुवायला घेतील, आणि मी खिडकीतून त्यांची पाठ बघत बसेन. नको. आधी मोजू दे. मोजल्याशिवाय सांगण्यासारखं आहे तरी काय?

पुस्तक तिने पिशवीत टाकलं, आणि थोडं थांबून पट्टीही.

गावाबाहेरच्या दुधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत ती नमुने तपासायची. गाडी चालवायला बारा मिनिटं. वाऱ्याने गाडी रोजच्यासारखी डावीकडे ढकलली जात होती – या किनाऱ्यावर झाडंसुद्धा एकाच दिशेला झुकून वाढतात – आणि तिच्या डोक्यात खुणा होत्या. त्या शेल्फवरच्या खुणा. ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची मुखपृष्ठं सगळी एकसारखी : पाठमोरी बाई, उडता झगा, समुद्र. नाव लक्षात राहत नाही, आणि घरी नेऊन चाळीस पानं वाचल्यावर कळतं, की ही तर मागच्या हिवाळ्यात झाली. म्हणून वाचनालयातल्या जुन्या बायकांनी आपापलं एकेक पान ठरवून घेतलेलं. वाचून झालं की त्या पानावर बारीकशी खूण करायची. पुस्तक उचललं की आधी ते पान बघायचं. ट्रायफेटबाई त्र्याऐंशीच्या आकड्याला गोल करत. कुणी छप्पन्नच्या शेजारी ठिपका देई. हे सगळ्यांना ठाऊक, आणि कुणीच कुणाला बोलून दाखवायचं नाही.

आईचं पान एकोणतीस. टॅम्सिन जन्मली तेव्हा आई एकोणतीस वर्षांची होती, पण खूण त्याआधीची आहे की नंतरची, हे टॅम्सिनने कधी विचारलं नाही. दोन आकडे जुळले म्हणून त्यांचा संबंध असतोच असं नाही.

आणि चौदाव्या वर्षी तिलाही त्या मालिकेचं वेड लागलं, तेव्हा आई म्हणाली होती, “वेगळं पान कशाला? माझ्याच पानावर ओढ. माझ्या रेघेखाली.” पहिल्या तीन भागांत ते जमेना, कारण त्या छोट्या प्रतींत आईची रेघ खूप खाली, पानाच्या कडेलाच होती. एकटीच वाचत होती ना, जागा सोडायचं कारण नव्हतं. टॅम्सिनची रेघ तिथे आकडा आणि आईची रेघ यांच्यात दाटीवाटीने घुसवलेली. चौथ्या भागापासून आईने आपली रेघ वर घेतली, आकड्याला अगदी चिकटून, म्हणजे लेकीची खाली नीट बसावी. त्यावरही कधी बोलणं झालं नाही. त्याच काळात आईने वाचलेल्या दुसऱ्या पुस्तकांत – टॅम्सिन ज्यांना हात लावत नसे त्या खुनांच्या गोष्टींत – रेघ पुन्हा खालीच. हे टॅम्सिनला कसं ठाऊक? कारण आई घर सोडून गेल्यावरच्या हिवाळ्यात ती वाचनालयात जाऊन जमिनीवर बसली होती आणि पट्टीने मोजलं होतं. पहिले तीन भाग : ३.८, ४.१, ३.९. पुढचे तीन : १.३, १.२, १.४. खुनाच्या गोष्टी, अकरा : सगळ्या साडेतीनच्या वर. आकडे तिच्या वहीत होते. वही लागत नव्हती. पाठ होते.

म्हणजे प्रश्न अगदी साधा आहे, असं तिने वाहनतळावर गाडी थांबवून स्वतःला बजावलं. हा सातवा भाग छापून आला फेब्रुवारीत. आई गेली त्याच्या आदल्या फेब्रुवारीत. आतली चिठ्ठी सांगते, पुस्तक आलं दक्षिणेकडून, ह्युऑनव्हिलच्या शाखेतून – सफरचंदांच्या बागा, नदी, गाडीने पाच तास. बाबा समजतात तशी आई हे बेट सोडून समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर गेलेली नाही. निदान या फेब्रुवारीपर्यंत तरी... नाही, आधी रेघ तिचीच आहे हे ठरू दे. आणि तिची असली, तर : चार म्हणजे ती एकटी वाचते आहे. एक पूर्णांक काहीतरी म्हणजे तिने जागा सोडली आहे.

फ्रिजवर दीपगृहाच्या चुंबकाखाली आईने ठेवलेल्या कागदावर तीनच वाक्यं होती. मी ठीक आहे. मी ठरवून जाते आहे. शोधू नका. नवव्या दिवशी पोलिसांचा फोन आला : सापडल्या, सुखरूप आहेत, पत्ता देऊ नका म्हणाल्या. त्या घरात कुणी कुणावर हात उगारला नव्हता, कुणी पीत नव्हतं. टॅम्सिनने कारणांची यादी करायचा प्रयत्न केला होता, आणि यादीत एकच नोंद उरली होती, जी ती कधी मोठ्याने वाचत नसे.

तो तक्ता. सहाव्या भागाच्या वेळचा. नायिका होनोरा, लेस विणणारी, शिक्षा होऊन आयर्लंडहून होबार्टला आणलेली. नायक ऑल्डस, जमिनीची मोजणी करणारा, साखळी घेऊन जंगलातून हिंडणारा. टॅम्सिनला मोजणीची पानं आवडत, आई ती सरळ उलटून पुढे जाई. एकदा गमतीने टॅम्सिनने आईला वाचताना बघून नोंद ठेवली – गाळलेली पानं एकशे चार – आणि रंगीत तक्ता केला, आणि बाबांनी हसत तो फ्रिजवर लावला. आईही हसली. “दोघंही मोजता मला,” ती म्हणाली. मग चहा ओतता ओतता : “तो माणूस साखळी घेऊन सगळं मोजत फिरतो आणि ती एक दिवस निघून जाणार. यात न कळण्यासारखं काय आहे?” टॅम्सिन वाद घालत राहिली, की होनोरा जाणार नाही, तिच्या वागण्यातून तसं काहीच दिसत नाही. एकोणीस दिवसांनी आईने आपला कागद त्या तक्त्यावरच लावला. त्याच चुंबकाने.

आणि मी पुन्हा पट्टी घेऊन निघाले आहे.

सकाळच्या नमुन्यांत तिचे हात आपोआप चालत होते. प्लेट उजेडात धरायची, जंतूंचे ठिपके मोजायचे, आकडा लिहायचा. एकेचाळीस. सदतीस. एका प्लेटवर तिने तीनदा मोजलं आणि तीन निराळे आकडे आले. पिशवी खुर्चीला टांगलेली होती. उठून दहा सेकंदांत काम झालं असतं. पण दहा सेकंदांनंतर जो आकडा येईल तो मग परत नेता येत नाही. आत्ता, न मोजलेल्या पिशवीत, आईने जागा सोडलीही आहे आणि सोडलेली नाहीही... तिने रेघ फक्त एकदाच पाहिली होती, काल, वाचता वाचता, आणि लगेच तळवा ठेवून झाकली होती. तळव्याखाली ती वर होती की खाली? आठवायला गेलं की दोन्ही तितक्याच स्पष्ट दिसत.

“आज तू प्लेटशी भांडतेयस की काय?” वेस म्हणाला. वेस प्रयोगशाळेचा प्रमुख. कानामागे पेन्सिल, खिशात दुसरी.

“हिचा आकडा बसत नाही.”

“मग तिला सोड आणि जेवायला जा. दुधाला घाई नसते, माणसालाच असते.”

दुपारी ती वाचनालयात गेली. पुस्तक नवं, मागणी फार. दोन आठवडेच मिळतं, आणि तिने ते एकोणतिसाव्याच्या पुढे पानभरही वाचलेलं नव्हतं. मुदत वाढवता येईल का एवढंच विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. ह्युऑनव्हिलबद्दल बोलता बोलता निघालं तर निघालं.

“सातवा?” नोएलीन टेबलामागून म्हणाली. अठ्ठावीस वर्षं ती त्या टेबलामागे होती. “मी हे वाचनालय सांभाळते, आणि रांगेत माझा नंबर अकरावा. आणि ही बया पुस्तक घेऊन फिरते. संपलं?”

“एकोणतीस पानं झाली.”

“दहा दिवसांत? शाळेतली पोरं बरी.”

“नोएलीन, मुदत मिळेल का? चार दिवस तरी.”

“नियमात नाही.” नोएलीनने चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. “पण पुस्तक जमा झालं, आणि जमा होताक्षणी समोर उभ्या असलेल्या माणसाने उचललं, तर मी काय करणार? दे इकडे. ट्रायफेटबाईंना सांगू नकोस, त्या तिसऱ्या आहेत, मला फाडून खातील.”

तिने पुस्तक घेतलं. यंत्राने टुक केलं. टॅम्सिनला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात ती बोलून गेली, “हे ह्युऑनव्हिलहून आलंय ना? तिथे कोण कोण वाचतं, हे कुणाला –”

“हे बघ पोरी. मला माहीत असलं तरी मला माहीत नाही. कुणी काय वाचलं ते आम्ही सांगत नसतो. आईच्या पोटातल्या बाळालाही सांगत नसतो.” बोलता बोलता नोएलीनचा अंगठा पानांच्या कडेवरून फिरत होता, फर्रकन, मधेच थांबत, पुन्हा फिरत, आणि उजव्या हातात, टेबलाला दोरीने बांधलेलं एक पांढरं खोडरबर होतं. “या वर्षीपासून वरून हुकूम आलाय. जमा झालेलं प्रत्येक पुस्तक साफ करून शेल्फवर. दुमडलेलं सरळ करा, खुणा पुसा. या शेल्फवर सतरा जणींच्या खुणा आहेत, मला झोपेतही पानं सांगता येतील, बारा, एकोणतीस, छप्प–”

खोडरबर थांबलं.

नोएलीनने पानाकडे पाहिलं. मग टॅम्सिनकडे. पानावर रबराचे करडे वळसे पडलेले होते.

“हात करतो गं,” ती हळू म्हणाली. “डोळे बघत नाहीत. बाहेरच्या शाखेचं पुस्तक, मला वाटलं कुणा परक्या बाईची...” तिने वळसे फुंकले नाहीत, झटकले नाहीत, पानावर तसाच हात धरून राहिली. “तुमच्या दोघींच्या रेघा मी कधी पुसल्या नाहीत. हुकूम आल्यावरही नाही. ते सहा भाग शेल्फवरून काढलेच नाहीत. तुझ्या आईची, ग्लेनिसची होती का ही?”

“माहीत नाही,” टॅम्सिन म्हणाली. “मोजायची होती.”

“मोजायची?”

“वर होती की खाली? आकड्याला चिकटून होती की लांब? तुम्ही पाहिलंत?”

“सांगितलं ना. डोळे बघत नाहीत.”

मागे कुणीतरी पुस्तकं घेऊन उभं होतं. नोएलीनने सातवा भाग बंद केला, पुन्हा यंत्राखाली धरला, आणि दोन्ही हातांनी टॅम्सिनला दिला, जसं भरलेलं भांडं देतात तसं.

गाडीत बसून तिने बीट घातलेलं सँडविच उघडलं आणि तसंच गुंडाळून ठेवलं. सुटले, असं वाटलं पाहिजे होतं. आकडा आता येणारच नाही. बाबांना सांगण्यासारखं काही नाही, पाच तास गाडी चालवण्याचा प्रश्न नाही, ‘शोधू नका’ म्हणजे शोधू नका. सुटले मी, ती मनात म्हणाली, आणि मनाने ते उचललंच नाही. कारण सकाळी निदान पट्टी आणि रेघ दोन्ही होत्या, आणि मधे फक्त तिची भीती होती. न मोजण्याची चैन तिने एक संध्याकाळ आणि एक सकाळ केली... आणि आई, समजा – समजा ती नदीकाठच्या कुठल्यातरी खोलीत, खिडकीशी बसून, चारशे अठरावं पान संपवून, मागे एकोणतीसवर आली असेल, पेन्सिल टेकवली असेल, आणि क्षणभर थांबून ठरवलं असेल – वर की खाली – तर ते ठरवणं आता कुठेच नव्हतं. खोडरबराच्या चुऱ्यात होतं.

आई पेन्सिल दाबून लिहायची. सामानाची यादी लिहिली की खालच्या कागदावर दुसरी यादी उमटायची. लहानपणी टॅम्सिन त्यावर खडू घासून ‘अंडी’, ‘साबण’ वाचायची.

तिने गाडी सुरू केली.

दुधाच्या पावडरीत कधी कधी काहीतरी सापडतं – माशीचा पंख, रंगाचा पापुद्रा – ते बघायला प्रयोगशाळेत एक मोठ्या भिंगांचं सूक्ष्मदर्शक होतं. त्याच्या खाली अख्खं पुस्तक उघडं मावत होतं. दुपारचे नमुने तीन वाजता संपले. तिने पुस्तक खाली ठेवलं, पान एकोणतीस, दोन्ही बाजूंना वजनं. डोळे लावले. वरच्या उजेडात काहीच नव्हतं : आकडा, त्याच्या शाईचे खरबरीत काठ, उभे राहिलेले कागदाचे तंतू, रबराचा चुरा. कुंचल्याने चुरा तिने झटकला नाही. एकेक कण चिमट्याने उचलून काचेच्या बशीत ठेवला. मग वरचा दिवा बंद केला आणि बाजूचा दिवा हाताने खाली, खाली, अगदी कागदाच्या पातळीला आणला, संध्याकाळी कुरणावरून ऊन येतं तसा. कागदावर टेकड्या उगवल्या. त्यांच्या सावल्या लांबल्या.

“पुस्तकात जंतू सापडले?” वेस मागे येऊन उभा होता.

“मोजतेय.”

“काय?”

“माहीत नाही अजून.”

वेसने खांद्यावरून थोडा वेळ पाहिलं. “प्रेमकादंबरी आहे,” तो म्हणाला. “माझी बायको वाचते. शेवटी काय होतं सांगू?”

“नको.”

“बरं.” तो गेला. जाताना खोलीतला दिवा त्याने बंद केला, म्हणजे तिला नीट दिसावं.

तिने दिवा आणखी एका अंशाने वळवला. आणि ती दिसली. रेघ नव्हे, तिची खाच : एक बारीक, सरळ सावली, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उचललेली, कारण आई रेघ संपता संपता पेन्सिल उचलायची, नेहमीच उचलायची, सहाही भागांत... हिचीच. म्हणजे हिचीच आहे. पण हे कळून जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. डोळे भिंगांपासून हलत नव्हते, आणि सावली आकड्यापासून किती लांब आहे हे इतक्या मोठ्या भिंगातून नुसतं बघून कळत नव्हतं. इथे सगळंच लांब दिसतं. दोघंही मोजता मला. आई, मी मोजते, मला दुसरं काही येत नाही. बाबा पाऊस मोजतात, ते काय पावसाला धरून ठेवायला? तू गेलीस त्या दिवशीही त्यांनी मोजला, शून्य होता, तोही लिहिला. तू पान उलटून पुढे जातेस आणि आम्ही मागे बसून मोजत राहतो, ते तुला कोंडायला नव्हतं... की होतं? हे तिला आज पहिल्यांदाच विचारता आलं, आणि विचारल्यावर उत्तराची घाई वाटली नाही. तिने पट्टी आकड्याच्या बुडाला लावली, डोळे मिटले, उघडले.

एकदाच मोजलेलं धरायचं नसतं. पट्टी उचलून, पुन्हा ठेवून तिने तीनदा वाचलं, वही न बघता, आंधळेपणाने शेजारच्या कागदावर लिहीत गेली. मग कानाजवळ हात नेऊन पेन्सिल शोधली – ती तर हातातच होती – आणि चौथं एक माप घेतलं, जे तिने आजवर कुठल्याच भागात घेतलं नव्हतं : खाचेच्या खाली, पानाच्या कडेपर्यंत.

आकड्यापासून खाचेपर्यंत : १.२, १.३, १.२ मिलिमीटर. खाचेपासून कडेपर्यंत : ११.० मिलिमीटर, कोरं.